बैल मालकाचा होता, मग मोबाईल माझा कसा?

आमच्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. माझे आजोबा गेवराईच्या पट्ट्यात कितीतरी वर्षं सालानं राहिलेले, त्यामुळं ही बोलणी कशी व्हायची ते मी घरातच ऐकत मोठा झालो. रक्कम किती, ज्वारी किती, कपड्याचा जोड, पायात चप्पल, उचल किती आणि ती कशी फेडायची, सगळं बोलून व्हायचं. ती पद्धत चांगली होती असं मी अजिबात म्हणत नाही. वर्षभर माणूस बांधला जायचा, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला पण त्यालाच उठवायचे. पण त्या पद्धतीत सुद्धा एक गोष्ट कुणी कधी मागितली नाही, ती म्हणजे बैल. बैल मालकाचे, औत मालकाचं, पाभर, वखर, कासरा सगळं मालकाचं. बैल आजारी पडला तर डॉक्टर मालक आणायचा. तू सालानं ये पण येताना तुझी बैलजोडी घेऊन ये आणि पेंड पण तूच घाल, असं म्हणायची छाती त्या काळातल्या एकाही पाटलाची झाली नाही.

आज तेच चाललंय, फक्त बैलाच्या जागी मोबाईल आलाय. आणि आपण सगळे गुपचूप आपली जोडी घेऊन कामावर जायलोत.

मी वाळूजला एका व्हेंडर युनिटमधी डिस्पॅच बघतो. पंधरा वर्षं झाली. १९८५ ला बजाजचा प्लांट आला तेव्हापासून वाळूजला असे शेकडो छोटे-मोठे कारखाने वाढले, त्यातलाच आमचा एक. आमच्याकडं सकाळी गेटवर फोनची तपासणी होते. मशीनवरच्या पोरांनी फोन लॉकरमधी ठेवायचा, स्टाफनी कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घ्यायचं. बाहेरच्या कंपनीचे पार्ट आत बनतात, त्यांच्या ड्रॉइंगचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून. ठीकाय, मान्य. पण आत गेल्यावर तासाभरात क्वालिटीच्या साहेबांचा मेसेज येतो की पॅलेटचा फोटो टाका ग्रुपवर. मग मी ते स्टिकर काढतो, फोटो काढतो, टाकतो, आणि संध्याकाळी जाताना सिक्युरिटीवाला विचारतो स्टिकर कुठंय. रात्री साडेदहाला ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन येतो, गाडी गेटवर उभीय, मालवाहतुकीचं ई-वे बिल पाठवा. तेव्हा मी जेवत असतो नाहीतर लेकराचा अभ्यास घेत असतो. म्हणजे एकच फोन, सकाळी नऊ वाजता कंपनीला त्याचा धोका वाटतो आणि रात्री साडेदहाला तोच फोन कंपनीचं ऑफिस असतो.

मला या सगळ्यात एकच म्हणायचंय, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. कामावर स्वतःचा फोन, स्वतःचं ॲप वापरावं का नाही हा वाद लोक शिस्तीचा म्हणून घालतात, पोरं रील बघतात का, टाइमपास करतात का. खरा वाद हिशोबाचा आहे. काम ज्याचं, औजार त्यानं द्यावं. नाही देता येत तर भाडं द्यावं. आणि भाडं घेतलं तरी औजार माझंच राहतं, त्यात काय आहे ते तपासायचा हक्क कामाबरोबर फुकट मिळत नसतो.

आमची आक्का अंगणवाडी सेविका आहे, बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात. तिचं बघून मला हे जास्त समजलं, कारण कारखान्यात निदान पगार तरी आहे, तिला तर पगार पण म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०१९ ला सरकारनं राज्यातल्या सेविकांना मोबाईल दिले होते. दोन जीबी रॅमचे. त्यात पुढं २०२१ ला केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते त्या फोनमधी नीट चालेचना, हँग व्हायचं, गरम व्हायचं, आणि ॲप इंग्रजीत. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च बाईंच्या अंगावर. शेवटी ऑगस्ट २०२१ मधी राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. लोकांना तेव्हा वाटलं बायांना काम नको म्हणून नाटक चाललंय. अहो, नाटक नव्हतं ते. त्या म्हणत होत्या की औत मोडकंय, चांगलं द्या, आम्ही नांगरायला तयार आहोत. मराठीत ॲप द्या म्हणून हायकोर्टापर्यंत जावं लागलं. २०२३ च्या संपात सुद्धा नव्या मोबाईलची मागणी होतीच.

मधल्या काळात काम थांबलं का? नाही थांबलं. आक्कानं भाच्याचा फोन वापरला. तो बारावीला होता, त्याचे क्लासचे व्हिडिओ त्याच फोनमधी आणि गावातल्या गरोदर बायांची यादी पण त्याच फोनमधी. कोण कितव्या महिन्यात आहे, कुणाचं वजन कमी आहे, कुणाचं लेकरू कुपोषित आहे, सगळं एका सतरा वर्षाच्या पोराच्या खिशात. आक्का त्याला म्हणायची बघू नको रे त्यात, आणि तो बघत पण नसेल, चांगला पोरगाय. पण एका खात्याची माहिती भाच्याच्या चांगुलपणावर टिकवायची ही काही रीत झाली का?

आता तर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर लाभार्थ्याचा चेहरा ॲपमधी जुळला पाहिजे. नोंदणीला आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मोबाईल नवऱ्याच्या नावावर, नवरा टोळी घेऊन तिकडं कारखान्यावर, आणि बाई बाळंतपणासाठी माहेरी. मग आक्का स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या पैशानी त्याला फोन लावते, बाबा ओटीपी सांग, तो फडात असतो, रेंज नसते, संध्याकाळी सांगतो तोवर ओटीपी संपलेला. दिल्लीत बसून ॲप बनवणाऱ्याला हा एक फोन कॉल दिसत नाही. त्याच्या हिशोबात तो नाहीच.

म्हणून मी हिशोब मांडून बघितला. जुलै २०२४ ला खाजगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले, तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयाला झाला. महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज २८ दिवसांचं, म्हणजे वर्षाला बारा नाही तर तेरा रिचार्ज. तेरा गुणिले २९९ झाले ३८८७. कामाचे फोटो आणि व्हिडिओ येऊन येऊन गुगलची फुकटची १५ जीबी जागा भरते, कारण व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्यातच मोजला जातो. मग महिन्याला जास्तीच्या जागेचे पैसे भरा नाहीतर स्वतःच्या लेकराचे फोटो डिलीट करा. मी डिलीट केलेत. गोदामातल्या पॅलेटचे फोटो ठेवले कारण उद्या कस्टमरनी क्लेम केला तर पुरावा लागतो, आणि पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचे काही व्हिडिओ उडवले. हे लिहिताना पण मला वाईट वाटायलंय.

यावर लोक म्हणतात की फोन तर तू असाही घेतलाच असता, रिचार्ज असंही मारलंच असतं, मग कंपनीनं कशाचे पैसे द्यायचे. हाच मुद्दा कॅलिफोर्नियातल्या कोर्टासमोर २०१४ ला आला होता. खाद्यपदार्थ घरपोच विकणाऱ्या एका कंपनीच्या कामगारांचा दावा होता. कोर्टानं सांगितलं की कामासाठी स्वतःचा फोन वापरणं सक्तीचं असेल तर बिलातला वाजवी हिस्सा मालकानं दिलाच पाहिजे, कामगाराचा प्लॅन अनलिमिटेड असला तरी, त्याला एक पैसा जास्तीचा लागला नसला तरी. कारण नाहीतर मालकाचा खर्च कामगाराच्या खिशातून निघतो. मला हे वाचून ऊसतोडीतले गाडीवान आठवले. आपल्याकडं कुणी म्हणेल की बघा, ऊसतोड्या स्वतःचे बैल नेतोच की. नेतो, पण त्याला तोडीचा दर वेगळा आणि वाहतुकीचा वेगळा मिळतो. तो दर पुरेसा आहे का हा निराळा विषय आहे, मी त्याच घरांमधून आलोय, पुरेसा नाही. पण बैलाचे म्हणून पैसे धरले जातात एवढं तर तिथं पण मान्यच आहे. मोबाईलचं तेवढं पण मान्य नाही.

आणि साहेब लोकांना मात्र मोबाईलचं बिल मिळतं. इन्कम टॅक्सच्या नियमात सुद्धा मालकानं भरलेलं फोनचं बिल पगाराचा भाग धरत नाहीत, त्यावर टॅक्स नाही. म्हणजे फोन हे कामाचं औजार आहे हे कायद्याला माहितीये, कंपनीला पण माहितीये, फक्त ते औजार कोणत्या हुद्द्यापर्यंत खाली यायचं तेवढंच अडतं. ज्याचा पगार लाखात त्याला बिल मिळतं आणि ज्याचा पगार अठरा हजार तो स्वतः रिचार्ज मारतो.

सरकारी खात्यात तर अजून गोंधळ. जुलै २०२१ ला सामान्य प्रशासन विभागानं आदेश काढला की ऑफिसमधी शक्यतो लँडलाईन वापरा, मोबाईल गरज असेल तरच, हळू आवाजात बोला. चांगला आदेश होता. पण त्याच कर्मचाऱ्याला रोजची माहिती ग्रुपवर मागतात, एक्सेल शीट मोबाईलवर उघडून भरायला लावतात, आणि अर्ध्या तासात दिली नाही तर ग्रुपवरच सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारतात. जुलै २०२५ ला परत सोशल मीडियाबद्दल जीआर आला, त्यात सांगितलं की स्वतःचं अकाऊंट आणि ऑफिसचं अकाऊंट वेगवेगळं ठेवा. बरोबर आहे की. पण दोन्ही अकाऊंट एकाच फोनमधी, एकाच सिमवर, तो फोन कर्मचाऱ्याच्या ईएमआयवर. अकाऊंट वेगळं ठेवा म्हणणाऱ्यानी फोन वेगळा दिला असता तर पुढचं आपोआप झालं असतं.

झेडपीच्या गुरुजींचं पण तेच. २०२३ च्या शेवटी लेकरांची हजेरी चॅटबॉटवर भरायला सांगितली, संघटनांनी विरोध केला. रोजगार हमीचं तर मला फार लागतं, कारण ही योजना आपल्या महाराष्ट्रातून देशाला गेली, १९७२ च्या दुष्काळातून ती उभी राहिली, माझ्या आजीनं त्या दुष्काळात खडी फोडलेलीय. त्याच रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून सगळीकडं मोबाईल ॲपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि लोकेशनसकट. फोन कुणाचा? बहुतेक ठिकाणी मेटचा, म्हणजे कामावरच्या मुकादमाचा, नाहीतर रोजगार सेवकाचा स्वतःचा. ज्या दिवशी रेंज नसेल किंवा फोन बंद पडेल त्या दिवशी दहा-वीस माणसांच्या मजुरीचं कोडं. आणि एवढं करून जुलै २०२५ ला केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढावं लागलं की लोक फोटोचाच फोटो काढून टाकतात, संबंध नसलेले फोटो टाकतात. चोरी थांबावी हे मला पण मनापासून वाटतं, आमच्या भागानं बोगस मजूर फार बघितलेत. पण ज्याच्या हातात स्वतःचं औजार देऊन, ते नीट चालतं का बघून काम करून घेतलं त्याला जाब विचारता येतो. त्याच्याच खिशातल्या तुटक्या स्क्रीनच्या फोनवर सगळी योजना टेकवायची आणि मग जाब विचारायचा हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू पण बोललीच पाहिजे, कारण मी फोनच्या विरोधात नाही.

आमच्याकडं एक पोरगा आहे, आयटीआय झालेला, मराठी मीडियम, शिक्षण तालुक्याच्या गावात. काम एक नंबर. मायक्रोमीटर हातात दिला की बिनचूक रिडिंग. पण पुण्याच्या कस्टमरला इंग्रजीत मेल लिहायची म्हटलं की त्याच्या कपाळावर घाम. दोन वर्षं त्याला कुणी पुढं येऊ दिलं नाही, मीटिंगमधी मागं बसायचा. आता तो फोनमधल्या एआय ॲपमधी मराठीत बोलतो आणि इंग्रजी मेल तयार होते. वाचून बघतो, चुकलं तर सुधारतो, पाठवतो. गेल्या वर्षी ऑडिटला त्यानीच सगळी उत्तरं दिली. ही गोष्ट मला कंपनीनं घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठी वाटते. मराठवाड्यातली हजारो पोरं निव्वळ इंग्रजीपायी मागं राहिलीत आणि कुणीतरी त्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी दिलंय, ते पण त्यांनी स्वतःच शोधून.

पण तोच पोरगा एकदा कस्टमरची पूर्ण ड्रॉइंग त्यात टाकायला निघाला होता, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते समजून घ्यायला. मी बघितलं म्हणून थांबवलं. त्याला माहितीच नव्हतं की ते बाहेरच्या सर्व्हरवर जातं. हे मोठ्या मोठ्यांकडून झालंय, २०२३ ला सॅमसंगच्या इंजिनियर लोकांनी कंपनीचा कोड असाच चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीनं असे टूल बंदच केले. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानं पण जानेवारी २०२५ मधी सांगितलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही, बरं, पण खिशातल्या फोनचं काय? बंदी घातली की माणूस तेच काम बाथरूममधी जाऊन करतो, आणि मग चुकलं तर विचारायला पण येत नाही. बंदीपेक्षा अर्धा तास बसवून सांगा की हे टाका, हे टाकू नका, ड्रॉइंग नाही, कस्टमरचं नाव नाही, कुणाचं आधार नाही. आमच्याकडं एवढं सांगितल्यावर पोरं स्वतःहून विचारायला लागली, दादा हे टाकू का.

मशीनवर फोन नको, याच्यावर मात्र माझं दुमत नाही. पॉवर प्रेसवर नजर हटली की बोट जातं. मी बघितलंय आणि ते बघितल्यावर माणूस दोन दिवस जेवत नाही. तिथं लॉकर पाहिजेच. पण लॉकर ठेवायचं तर गेटवरचा लँडलाईन चालू पाहिजे, तो नंबर पोरांच्या घरी माहिती पाहिजे, आणि निरोप आला तर लाईनवर जाऊन सांगणारा माणूस पाहिजे. एका पोराचे वडील घाटी दवाखान्यात ॲडमिट झाले, सकाळी अकराला घरच्यांनी फोन लावायला सुरुवात केली, संध्याकाळी सहाला त्यानी लॉकर उघडला तेव्हा सत्तावीस मिस्ड कॉल. वडील वाचले म्हणून बरं. फोन काढून घेतला की त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आणि ग्रुपवर काम चालवल्यानं कंपनीचंच नुकसान होतं, हे मालक लोकांना कसं सांगावं कळत नाही. आमच्याकडं एकदा ड्रॉइंगची नवी रिव्हिजन ग्रुपवर आली. मेलवर नाही, डॉक्युमेंट म्हणून पण नाही, नुसता फोटो. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, त्यात तीनचा आकडा आठसारखा दिसला. पूर्ण लॉट रिजेक्ट, वरून डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्या नावावर. ज्यानी फोटो टाकला तो इंजिनियर तोवर चाकणला दुसऱ्या नोकरीवर गेलेला, ग्रुप सोडलेला. मूळ फाईल त्याच्या फोनमधी. त्याला फोन केला तर म्हणाला दादा तो फोन मी एक्सचेंजमधी दिला. कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरची गुपितं, सगळं एक्सचेंजमधी गेलं आणि गेटवर आम्ही स्टिकर लावत बसलोत.

अमेरिकेत डिसेंबर २०२१ ला जेपी मॉर्गन बँक आणि तिच्या शेअर दलालीच्या कंपन्यांना मिळून वीस कोटी डॉलर दंड झाला, कारण काय, तर कर्मचारी धंद्याचं बोलणं स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सॲपवर करायचे आणि कंपनीकडं त्याची नोंदच नव्हती. आपल्याकडं तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पण साहेबांनी तोंडी आदेश ग्रुपवर दिला, नंतर डिलीट फॉर एव्हरीवन केलं, तर कोणत्या फाईलमधून ती माहिती मिळणार? आणि चौकशी लागली की साहेबांचं नाव नसतं, ज्या क्लार्कनी तो मेसेज वाचून काम केलं त्याचा फोन मागतात. त्याच्या बायकोचे मेसेज, बँकेचं ॲप, लेकरांचे फोटो सगळं त्या फोनमधी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात कलम ६३ खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, म्हणजे फोनवाल्याला त्यात ओढणार हे नक्की. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं. तो हक्क ऑफिसच्या एका मेसेजपायी असा उघडा पडतो.

यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते लई महाग पण नाहीत. अँड्रॉइडमधी वर्क प्रोफाईल नावाची सोय २०१४ पासून आहे, एकाच फोनमधी कामाची वेगळी खोली, ऑफिसला फक्त ती खोली दिसते, माणूस नोकरी सोडून गेला की तेवढीच खोली पुसता येते, घरचे फोटो तसेच राहतात. हे किती एचआरवाल्यांना माहितीये? त्यापेक्षा ते काय करतात, सगळ्या परवानग्या मागणारं हजेरीचं ॲप टाकायला लावतात, लोकेशन कायम चालू, कॉन्टॅक्ट पण, गॅलरी पण. हजेरीला गॅलरी कशाला पाहिजे? विचारलं की म्हणतात तुला काय लपवायचंय. लपवायचं काही नाही, पण घराला दार असतंच ना, चोरी केली म्हणून कुणी दार लावत नाही.

कॅमस्कॅनरचं आठवतंय का? २९ जून २०२० ला सरकारनी ५९ चिनी ॲप बंद केले त्यात ते होतं. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तहसीलपासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांच्या फोनमधी तेच, लोकांचे सातबारे, आधार, पासबुक त्यातून स्कॅन व्हायचे. हे ॲप ऑफिसनी दिलं नव्हतं. ऑफिसचा स्कॅनर बंद होता म्हणून कर्मचाऱ्यांनी स्वतः टाकलं, काम अडू नये म्हणून. मी त्यांना दोष देत नाही, मी पण तेच केलं असतं. पण ज्यांचे कागद होते त्यांना कुणी विचारलं नाही आणि बंद झाल्यावर ते कागद कुठं गेले हे पण कुणी विचारलं नाही.

आता विचारावं लागेल. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, नोव्हेंबर २०२५ मधी त्याचे नियम आले, मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानी लागू होणार. माहिती सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. आणि त्यात जबाबदार संस्था धरलीय, नोकर नाही. म्हणजे पतसंस्थेच्या पिग्मी एजंटच्या फोनमधी खातेदारांचे आधार पडलेले असतील तर उत्तर संस्थेला द्यायचंय. निदान या भीतीनं तरी संस्थांनी आपल्या माणसाच्या हातात आपला फोन द्यावा.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क फ्रान्सनी १ जानेवारी २०१७ ला दिला, ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०२४ ला. आपल्या सुप्रिया सुळे यांनी २०१८ लाच लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, तेव्हा लोक हसले. मला कायदा झाला तर आनंदच आहे, पण फोन कंपनीचा असेल तर अर्धं काम कायद्याविना होतं, कारण तो फोन कामाच्या जागी ठेवून घरी येता येतं. स्वतःचा फोन कुठं ठेवणार? आई गावाकडं एकटी असते, रात्री फोन बंद करायची माझी हिंमत होत नाही. आणि चालू ठेवला की ग्रुप पण चालूच.

आमच्या मालकांना मी हे गेल्या दिवाळीनंतर सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, स्वतः पहिल्यांदा लेथवर काम केलेलंय. म्हणाले, चाळीस माणसांना फोन घेऊन द्यायला मी काय मोठी कंपनी आहे का, पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. खरंय त्यांचं. व्हेंडरच्या हातात मार्जिन काय उरतं ते मी रोजच्या चलनावर बघतो. पण चाळीस फोन कुणी मागितलेत? मी कागदावर लिहून नेलं होतं. डिस्पॅचला एक, क्वालिटीला एक, सात-आठ हजाराचा साधा फोन, कंपनीच्या नावावर सिम, वर्षाचं रिचार्ज ३८८७. आणि शेजारी त्या रिजेक्ट लॉटच्या डेबिट नोटची झेरॉक्स जोडली. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ बघितले, काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी डिस्पॅचच्या टेबलावर फोन आला. एकच आलाय, क्वालिटीचा अजून बाकीये, त्यासाठी मी मागं लागलोय. टेबलाला चार्जर बांधून ठेवलाय, बाजूला वही, कोणत्या शिफ्टला कोणाकडं होता ते लिहायचं. ट्रान्सपोर्टवाल्यांना, कस्टमरच्या स्टोअरला तो नंबर दिला. माझा नंबर ग्रुपमधून काढायला अजून दोन महिने गेले, कारण लोकांना सवय पडलेली. आता रात्री गाडी आली की तो फोन तिथंच वाजतो आणि सेकंड शिफ्टचा पोरगा उचलतो, ई-वे बिल तोच पाठवतो.

आक्काला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं बरंय रे, तुमच्या मालकाचं तोंड तरी दिसतं.